काळोखातले काढे

मराठवाड्याचा उन्हाळा आणि फोटोची फिल्म यांचे जन्माचे हाडवैर आहे. फिल्मवर जो थर असतो तो जिलेटिनचा, म्हणजे सुताराच्या सरसाच्या एका सोज्ज्वळ भावाचा. थंड पाण्यात तो शहाण्यासारखा फुगतो, कोमट पाण्यात मऊ पडतो, आणि पाणी त्याहून ऊन असले की नखाचा धक्का लागताच पापुद्र्यासारखा निघून येतो. डेव्हलपरच्या डब्यांवर जी वेळ छापलेली असते ती वीस अंश सेंटिग्रेडची. आता वैशाखात नांदेडच्या गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी सकाळी दहालाच हाताला चटका देते. तिथे वीस अंश आणायचे कुठून?

उत्तर आमच्या आजीने आधीच शोधून ठेवलेले आहे. त्याला माठ म्हणतात. ओले फडके गुंडाळून, वाऱ्याच्या झुळुकीत रात्रभर ठेवलेल्या माठातले पाणी पहाटेच्या सुमारास सहज पाचसहा अंशांनी खाली येते. उरलेले काम बर्फाच्या खड्यांनी करावे. मात्र बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, परातीत टाकायचा आणि डेव्हलपरची बाटली त्या परातीत उभी करायची. हायपोची तर गंमतच आहे. हायपो म्हणजे फिल्म पक्की करणारे मीठ. त्याचे खडे पाण्यात विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात आणि भांडे बाहेरून गार लागू लागते. मराठवाड्यातल्या माणसावर रसायनशास्त्राने केलेला एवढाच काय तो उपकार!

तरीही वीसचा हट्ट धरू नये. चोवीस अंशांवर काम चांगले होते, फक्त वेळ कमी करावी लागते. वीस अंशांवर दहा मिनिटे लागत असतील तर चोवीसवर सुमारे सात. त्यापुढे जसजसा पारा चढतो तसतशी वेळ आणखी घटते आणि पाच मिनिटांच्या आत आली की चित्र डागाळलेले, पट्ट्यापट्ट्यांचे निघते; कारण टाकी भरायला आणि रिकामी करायला जी अर्धी मिनिटे लागतात तीच मग सगळ्या कामाचा मोठा हिस्सा होऊन बसतात. उष्ण देशांतल्या जुन्या छायाचित्रकारांनी यावर तुरटीचा उपाय काढला होता. हायपोत तुरटी घातली की जिलेटिन आवळून घट्ट होते. दाढी झाल्यावर गालावर फिरवतात तीच ही तुरटी, आणि कामही तेच.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. विद्यार्थ्यांना शब्दांचे अर्थ सांगता सांगता या नादाला कधी लागलो ते सांगत बसत नाही. पण आता नांदेडच्या आमच्या घरात न्हाणीघराच्या खिडकीला काळे मेणकापड कायमचे ठोकलेले आहे. रात्री नऊनंतर तिथे कोणी जायचे नाही असा कायदा झाला आहे. शेजारच्या काकूंनी सुरुवातीला एकदोनदा कडी वाजवून विचारलेही, "सर, अंधारात काय करू लालाव?" आता त्या विचारत नाहीत. आपल्या नातवाचे बारशाचे फोटो मात्र याच अंधारातून काढून घेऊन गेल्या.

घर आणि अंधारखोली यांचे नाते आपल्याकडे जुनेच आहे. नांदेड-लातूरचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे सगळ्यात नामांकित छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ (१८४४ ते १९०५). सहाव्या निजामाच्या दरबाराची, शिकारींची, महालांची त्यांनी काढलेली चित्रे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा स्टुडिओ काढला होता आणि तिथला कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपवला होता. पण ते झाले दरबारी वैभव. मला जास्त जवळचे वाटते ते दादरचे फाळक्यांचे घर.

दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले, हे आपण शाळेत शिकतो. त्या काळी कच्ची फिल्म भोकांवाचून येई आणि तिच्या दोन्ही कडांना भोके पाडण्याचे काम अंधारातच करावे लागे. ते काम केले सरस्वतीबाई फाळक्यांनी. दिवसभर घरातल्या आणि कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक, आणि रात्री मुले निजल्यावर हाताच्या चाचपणीने फिल्म भोके पाडून तयार करणे. डेव्हलपरची रसायने कालवणे, फिल्म धुणे, हेही त्या शिकल्या. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ दिवसांमागून दिवस टिपून एक लहानशी फिल्म केली होती. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा पडद्यावर बाई एकही नव्हती. तारामतीची भूमिकाही पुरुषाने केली होती. पण पडद्यावर जे दिसत होते ते आधी एका मराठी गृहिणीच्या हातांखालून गेलेले होते. आमच्याकडे न्हाणीघरावरून कुरबुर झाली की मी हे उदाहरण देतो. "मग सरस्वतीबाईंसारखे मलाही शिकवा," असे उत्तर एकदा मिळाले. तेव्हापासून टाकी हलवण्याचे आणि घड्याळ पाहण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींकडे आहे, आणि ते माझ्याहून चोख होते.

आता फिल्मविषयी. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना अॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा नक्की आठवेल. काळ्या डब्यासारखा, बडोद्याला तयार होणारा, एका रोलवर बारा चौकोनी चित्रे देणारा. पाठीमागे छोटी तांबडी खिडकी, तीत आकडा दिसायचा. आणि त्यात घालायचा रोल पुष्कळदा 'इंदू'चा. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा तो माल. कारखान्याची स्थापना १९६० ची, पुढच्या काही वर्षांत माल बाजारात आला. निलगिरीच्या थंड, धूळविरहित हवेत देशाची स्वतःची फिल्म तयार होत होती. १९९६ मध्ये तो कारखाना आजारी ठरला आणि पुढे कायमचा बंद पडला. आज आपल्याकडे मिळते ती फिल्म परदेशातून येते आणि एका रोलला जी किंमत पडते तीत मध्यम घरातली आठवड्याची भाजी होते. म्हणून प्रयोग करणारा माणूस प्रत्येक चित्रामागे विचार करतो. ही काही वाईट गोष्ट नव्हे.

या महागाईवर आमच्या गावांनी एक उतारा दिला. नांदेड काय, लातूर काय, दवाखान्यांची गावे. क्ष-किरणांची यंत्रे संगणकाला जोडली गेली आणि ओल्या पद्धतीच्या फिल्मची खोकी ठिकठिकाणी पडून राहिली. ही फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असते, त्यामुळे तांबड्या दिव्याखाली ती डोळ्यांदेखत कापता येते, डोळ्यांदेखत डेव्हलप करता येते. तिच्या दोन्ही बाजूंना थर असतो, म्हणून ओरखडे फार. ट्रेमध्ये खाली गुळगुळीत काच ठेवावी. पत्र्याच्या डब्याला सुईचे छिद्र पाडून मी तिच्यावर नगीना घाटाची चित्रे घेतली. माणसाच्या ओठांचा तांबूसपणा या फिल्मला दिसत नसल्याने नावाडी काळ्या ओठांचे निघतात आणि आकाश पांढरे सपाट. शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रांत असते तसे.

डेव्हलपरांची कुळी तर मसाल्यांइतकी मोठी आहे. कोडॅकचे डी-७६ हे त्यातले गोडे वरण. जवळजवळ शंभर वर्षे झाली, मूळ सिनेमाच्या फिल्मसाठी काढलेले, अजून त्याला तोड नाही. एक लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर ग्रॅम, हायड्रोक्विनोन पाच ग्रॅम आणि टाकणखार दोन ग्रॅम. दोन ग्रॅम तोलायला सराफाचा काटा लागतो, आमच्या ओळखीच्या सराफाने आपला जुना काटा दिला, तेव्हा "सोने का?" असे हसून विचारले. घरी कालवणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. मेटॉल आधी घालायचे. सल्फाइट सगळे आधी घातले तर मेटॉल विरघळायला तयार होत नाही. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेले सगळे, असा क्रम. फोडणीत मोहरी आधी की हळद, यासारखाच हा प्रश्न आहे. आणि पाणी नळाचे नको, मोटारीच्या बॅटरीत घालतात ते.

हेच डी-७६ तेवढेच पाणी घालून पातळ केले की आमच्या उन्हाला फार मानवते. गुरुद्वाऱ्याचा पांढराशुभ्र संगमरवर आणि कमानीखाली बसलेला म्हातारा एकाच चित्रात घ्यायचा तर पांढरे जळते आणि काळे बुडते. पातळ डेव्हलपर पांढऱ्या भागात लवकर दमतो, कारण तिथे काम जास्त. काळ्या भागात मात्र त्याच्या अंगात अजून बळ शिल्लक असते. असा तो दोघांना जरा जवळ आणतो. जर्मनीत १८९१ पासून असलेले रोडिनल शंभरपट पाण्यात मिसळून तासभर न हलवता ठेवण्याची तऱ्हा याच तत्त्वावरची. दाणा जाड येतो, पण कंधारच्या किल्ल्याच्या दगडाला तो शोभतो.

मला खरी ओढ लावली ती स्वयंपाकघरातल्या डेव्हलपरांनी. १९९५ साली अमेरिकेत रोचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेतले डॉ. स्कॉट विल्यम्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी कॉफीत फिल्म डेव्हलप करून दाखवली. कॉफीतले कॅफीक आम्ल चांदीच्या क्षारांतून चांदी मोकळी करते, फक्त त्याला धुण्याच्या सोड्याची जोड हवी. पुढे कोणी त्यात क जीवनसत्त्व घातले आणि काम झपाट्याने होऊ लागले. लिटरभर पाण्याला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची भुकटी १६ ग्रॅम, पाण्यात लगेच विरघळणारी कॉफी ४० ग्रॅम. वीस अंशांवर पंधरा मिनिटे. कॉफी जितकी हलकी तितकी बरी. पाहुण्यांसाठी ठेवलेली उंची कॉफी इथे उलट कमी पडते, ही बातमी घरात आनंदाने ऐकली गेली. धुण्याचा सोडा खड्यांचा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असते. मग ५४ च्या जागी सुमारे १४५ ग्रॅम घ्यावा लागतो. खाण्याचा सोडा चालत नाही. तो कोरड्या कढईत चांगला भाजला तर मात्र त्याचाच धुण्याचा सोडा होतो. वास? त्याविषयी न बोललेले बरे. ओल्या कुत्र्याने कॉफी प्यावी तसा.

कॉफी चालते तर आमचा काढा का चालू नये, असे मनात आले. इंग्लंडात टॅल्बटने १८४० च्या सुमारास कागदावरची अदृश्य प्रतिमा उमटवली ती मायफळातल्या गॅलिक आम्लाने. हे आम्ल आपल्या हिरड्यातही असते. त्रिफळ्यातला तो हिरडा! बाजारातून पावशेर हिरडा आणला, कुटला, उकळला, गाळला आणि सोडा घालताच काढा शाईसारखा काळा झाला. फिल्मचा तुकडा चाळीस मिनिटे ठेवला तेव्हा नगीना घाटाच्या पायऱ्या उमटल्या. अंधूक, पिवळट तपकिरी, पण उमटल्या. क जीवनसत्त्व घालून तीच गोष्ट वीस मिनिटांत झाली. चहानेही होते, पण चहाचे चित्र धुरकट. हिरड्याच्या पिवळेपणाचा एक फायदा असा की छापताना तो डागही प्रकाश अडवतो आणि चित्राला अनपेक्षित भरीवपणा येतो. रोजच्या कामाला हा काढा घेऊ नये. पण आयुर्वेद आणि छायाचित्रण एका पातेल्यात पाहण्याचा आनंद काही निराळाच.

लातूर माझे गाव. तिथे मात्र फिल्मपेक्षा, डेव्हलपरपेक्षा पाणी महाग. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. ज्या घरात आठवड्यातून एकदा टँकर येतो तिथे नळाखाली अर्धा तास फिल्म धुवा, असे पुस्तक सांगते! नीट धुतली नाही तर हायपो मागे राहतो आणि काही वर्षांत चित्र पिवळे पडून खाऊन जाते. इल्फर्ड कंपनीने सुचवलेली एक रीत या अडचणीतून वाट काढते. टाकी पाण्याने भरा, पाच वेळा उलटीसुलटी करा, पाणी ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झाले. छोट्या टाकीला सगळे मिळून दीड लिटरच्या आत पाणी. शेवटचे पाणी मी लातूरच्या घरी मोरी घासायला देत असे. हायपोचे पाणी मात्र झाडांना घालू नये. त्यात चांदी असते, आणि ती झाडांना मानवत नाही.

तीन वर्षांपूर्वी याच सगळ्या उचापतींची परीक्षा पाहणारा एक रोल माझ्याकडे आला.

माझ्या वर्गातला एक विद्यार्थी किल्लारीजवळच्या एका गावचा. जुन्या गावचा नव्हे, नव्या गावठाणातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीच्या विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतली दगडमातीच्या जाड भिंतींची घरे काही क्षणांत बसली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. या मुलाचा जन्म त्यानंतरचा. त्याचे वडील त्या रात्री कामासाठी पुण्याला होते, म्हणून राहिले. ढिगाऱ्यातून जी लोखंडी पेटी निघाली तीत चुलत्याचा क्लिक थ्री कॅमेरा होता. तीस वर्षे तो नव्या घराच्या फळीवर पडून होता. "सर, ह्याच्या खिडकीत आकडा दिसतो," मुलगा म्हणाला. आकडा नऊचा होता.

कॅमेऱ्यात रोल होता आणि त्यावरची चित्रे कोणीही पाहिलेली नव्हती. घरात त्या माणसांचा एकही फोटो उरलेला नव्हता.

प्रकाशाने फिल्मवर पाडलेली छाप वर्षांनी विरत जाते आणि उलट फिल्मवर आपोआप धुके चढते. उष्णतेत दोन्ही झपाट्याने. म्हणजे धुक्याला आवर घालणारा पण छाप न मारणारा डेव्हलपर हवा, आणि संधी एकच. मी त्याला तीन महिने थांबायला सांगितले. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून मिळालेले इंदूचे दोन कोरे, मुदत कधीच संपलेले रोल माझ्याकडे होते. त्यांचे तुकडे करून कॉफी, हिरडा, रोडिनल, डी-७६ सगळे लावून पाहिले. कॉफीत धुके सगळ्यात दाट. डी-७६ न पातळवता, त्यात चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड घातले की धुके बसते; पण ब्रोमाइड जास्त झाले तर फिकट छापही त्याबरोबर बसते. लिटरला एक ग्रॅमवर येऊन थांबलो.

जानेवारीतल्या एका रात्री, पाणी आपसूक एकोणीस अंशांवर असताना, काळोखात कॅमेरा उघडला. पुठ्ठ्याची एक पट्टी सहा चित्रांच्या लांबीला कापून ठेवली होती. ती फिल्मला लावून बोटांनीच मापून रोल दोन भागांत कापला. आकडा नऊवर होता, म्हणजे मागच्या भागात फार तर तीन चित्रे. आधी तोच भाग टाकीत घातला. घड्याळ बाहेर सौभाग्यवतींच्या हातात. अकरा मिनिटे. हायपोतून काढून दिव्यासमोर धरला तर राखेसारखी फिल्म, आणि एका चौकोनात मखर. मखरात गणपती. बाकी काही नाही. सातव्या चित्राची कड आणि तांबड्या खिडकीतून आत आलेल्या प्रकाशाचा एक गोल डाग, इतकेच.

छाप आहे, पण क्षीण, एवढे कळले. दुसऱ्या भागाला चौदा मिनिटे दिली. तिकडे सहांपैकी चार आली.

पांढऱ्या-काळ्यातला फरक फार थोडा होता, म्हणून सगळ्यात कडक छाप देणारा कागद घेतला आणि त्या आठवड्यात चारी चित्रे मोठी केली. मुलाचे वडील त्याच्याबरोबर नांदेडला आले. मी त्यांना बैठकीत बसवायला निघालो होतो, पण त्यांना तांबड्या दिव्याखालीच पाहायचे होते. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोरा कागद सरकवला आणि अर्ध्या मिनिटात शिंगे दिसू लागली. पोळ्याची बैलजोडी, शिंगांना बेगड. ते पुढे वाकले आणि त्यांनी आधी बैलांची नावे सांगितली. तांबड्या, आणि दुसरा सर्जा. मग बैलाची दोरी धरलेला भाऊ. दुसऱ्या चित्रात उंबऱ्यावर बसलेली आई, डोळे उन्हाने बारीक केलेले. तिसऱ्यात तीच, पण मान वळवलेली, म्हणून हललेली. ते हललेलेच चित्र त्यांनी दोन प्रती करून मागितले. "ती अशीच बोलायची," म्हणाले, "दुसरीकडं बघत."

चौथ्यात आरतीचे ताट धरलेली सातआठ वर्षांची मुलगी होती, ताटातल्या ज्योतीच्या जागी पांढरा ठिपका. तिचे नाव त्यांनी सांगितले नाही. मुलाने सांगितले. मी ते पेन्सिलीने चित्रामागे लिहिले आणि कागद धुवायला पाण्यात सोडला.